स्पिन-प्रवाहाचे विद्युतप्रवाहात रूपांतर : मोजले जाते व्होल्टेज, छापला जातो कोन

अनुस्पंद (धागाकर्ता)

पर्मअलॉयचा, म्हणजे निकेल-लोहाच्या मिश्रधातूचा, पातळ थर आणि त्यावर प्लॅटिनमचा थर अशी पट्टी मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात ठेवली, तिच्या दोन टोकांना नॅनोव्होल्टमीटर जोडला आणि बाहेरचे चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, की चुंबकीय अनुस्पंदनाच्या ठिकाणी, म्हणजे मायक्रोवेव्हची वारंवारता चुंबकनाच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळते तेथे, मायक्रोव्होल्टच्या घरातले एक शिखर उमटते. एजी साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच शिखर दाखवून खोलीच्या तापमानाला स्पिन-प्रवाहाचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिन या अंगभूत चुंबकी गुणधर्माच्या प्रवाहाचे, विद्युतप्रवाहात रूपांतर होते हे सिद्ध केले. त्याच वर्षी वालेन्झुएला आणि टिंकहॅम यांनी ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म उपकरणात, मायक्रोवेव्ह न वापरता, हेच रूपांतर, म्हणजे व्युत्क्रम स्पिन हॉल परिणाम, मोजले. मूळ स्पिन हॉल परिणामाचे, म्हणजे विद्युतप्रवाहातून स्पिन-प्रवाह निर्माण होण्याचे, भाकीत द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी १९७१ मध्येच केले होते, पण ते प्रयोगात दिसायला २००४ साल उजाडावे लागले.

अनुस्पंदनाच्या वेळी पर्मअलॉयमधील चुंबकन बाह्य क्षेत्राभोवती शंकूच्या आकारात फिरते. या फिरण्यातून शेजारच्या प्लॅटिनममध्ये स्पिन-प्रवाह ढकलला जातो; यालाच स्पिन पंपिंग म्हणतात. विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशांना जात असल्यामुळे त्यात निव्वळ विद्युतभार कुठेच सरकत नाही, आणि म्हणूनच या प्रवाहाला थेट जोडता येईल असा कोणताही मीटर नाही. प्लॅटिनममधील स्पिन-ऑर्बिट आंतरक्रिया मात्र या दोन्ही प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना एकाच बाजूला वळवते, आणि त्या वळण्यातून जो विद्युतप्रवाह निर्माण होतो तोच काय तो आपल्या हाती लागतो.

धागा काढण्याचे कारण असे की हाती लागलेला हा प्रवाह शोधनिबंधात क्वचितच ठळकपणे दिसतो. सारांशात दिसतो तो ‘स्पिन हॉल कोन’, म्हणजे शिरलेल्या स्पिन-प्रवाहापैकी किती भाग विद्युतप्रवाहात बदलला हे सांगणारा एककहीन आकडा. तो काढण्यासाठी आत किती स्पिन-प्रवाह शिरला हे माहीत असावे लागते, आणि तो कोणीही मोजलेला नसतो. तो मायक्रोवेव्ह क्षेत्राची तीव्रता, आंतरपृष्ठाची स्पिन-मिश्रण वाहकता (सीमेतून स्पिन किती सहज पलीकडे जातो ते) आणि चुंबकनाचे अवमंदन (त्याचे फिरणे किती लवकर शमते ते) यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यावर पुन्हा प्लॅटिनममध्ये स्पिन किती खोलवर टिकतो ती लांबी, म्हणजे स्पिन विसरण लांबी, गृहीत धरलेली असते.

या साखळीतली एकच कडी जवळून पाहू. स्पिन-मिश्रण वाहकता काढण्यासाठी नुसत्या पर्मअलॉयचे अवमंदन आणि प्लॅटिनम जोडलेल्या पर्मअलॉयचे अवमंदन यांतील फरक घेतात. पर्मअलॉय १५ नॅनोमीटर जाड असेल आणि वाहकता दर चौरस मीटरला २.१ गुणिले १० चा १९वा घात इतकी असेल, तर हा फरक सुमारे ०.००२७ भरतो. म्हणजे नुसत्या थराचे अवमंदन ०.००७० असेल, तर जोडथराचे ०.००९७ होईल. प्रत्येक आकड्यात पाच टक्के अनिश्चितता धरली, आणि शिखराची रुंदी वेगवेगळ्या वारंवारतांना मोजून सरळ रेषा बसवताना इतकी सहज येते, तर फरकातली अनिश्चितता वीस टक्क्यांच्या वर जाते. शिवाय स्पिन-प्रवाहाच्या सूत्रात अवमंदनाचा वर्ग छेदात बसलेला असतो तो वेगळाच.

आता प्लॅटिनमचे प्रसिद्ध आकडे पाहा. आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मोसेन्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कोप्लॅनर वेव्हगाइडवर (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या सपाट धातुरेषेवर) स्पिन पंपिंग करून ०.०१३ हा कोन दिला आणि विसरण लांबी १० नॅनोमीटर धरली. रोहास-सांचेझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कोबाल्ट-प्लॅटिनमच्या जोडथरांवरून ०.०५६ हा कोन आणि ३.४ नॅनोमीटर ही लांबी दिली, आणि आंतरपृष्ठावरच काही स्पिन हरवतो हेही हिशेबात धरले. कोनांमध्ये चौपटीहून अधिक अंतर आहे. पण कोन आणि लांबी यांचा गुणाकार केला, तर पहिल्या गटाचा ०.१३ नॅनोमीटर आणि दुसऱ्याचा ०.१९ नॅनोमीटर येतो, म्हणजे अंतर दीडपटीवर उतरते. हा योगायोग नव्हे. प्लॅटिनमचा थर विसरण लांबीपेक्षा बराच जाड असला की मिळणारा विद्युतप्रवाह या गुणाकारावरच अवलंबून असतो. एकाच जाडीच्या नमुन्यावरून दोन्ही आकडे वेगळे करता येत नाहीत, आणि लांबी जास्त धरली की कोन आपोआप कमी येतो.

माझे म्हणणे असे की आपण आधी विद्युतप्रवाहच द्यावा. व्होल्टेजला पट्टीच्या मोजलेल्या रोधाने भागावे, आलेल्या प्रवाहाला पट्टीच्या रुंदीने भागावे आणि शेवटी मायक्रोवेव्ह क्षेत्राच्या वर्गाने. समजा शिखर ५ मायक्रोव्होल्टचे आहे, रोध १०० ओहम आहे आणि रुंदी ०.४ मिलिमीटर आहे. तर प्रवाह ५० नॅनोॲम्पिअर आणि दर मीटर रुंदीमागे ०.१२५ मिलिॲम्पिअर होतो. क्षेत्र अर्धा गाउस असेल तर हा आकडा दर मीटरला, दर गाउस वर्गाला अर्धा मिलिॲम्पिअर असा येतो. पट्टी दुप्पट लांब केली की व्होल्टेज दुप्पट होते आणि वाचणाऱ्याला पदार्थ सुधारल्यासारखा वाटतो, पण रोधही दुप्पट झालेला असल्याने प्रवाह जागचा हलत नाही. केवळ व्होल्टेजचे आलेख छापणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

शिखरातला खरा भाग वेगळा कसा काढता आणि मायक्रोवेव्ह क्षेत्र कसे ठरवता, हे येथील जाणकारांनी सविस्तर लिहावे.

सह्यकडा

विषय योग्य वेळी काढलात, पण तुम्ही एक पायरी ओलांडून पुढे गेला आहात. रोधाने भागण्याआधी ते व्होल्टेज व्युत्क्रम स्पिन हॉल परिणामाचेच आहे, हे कोणी ठरवले?

सर्वसाधारण पद्धत अशी की शिखराचे सममित आणि प्रतिसममित असे दोन लोरेन्झियन भाग करायचे, प्रतिसममित भाग पर्मअलॉयच्या चुंबकरोधाच्या, म्हणजे चुंबकनाच्या दिशेनुसार बदलणाऱ्या विद्युतरोधाच्या, खात्यात टाकायचा आणि सममित भाग स्पिन हॉलचा म्हणून जाहीर करायचा. ही वाटणी सोयीची आहे, न्याय्य नाही. पट्टीत मायक्रोवेव्हमुळे प्रवर्तित होणारा प्रवाह आणि फिरणारे चुंबकन यांच्यात कला-अंतर किती आहे, यावर चुंबकरोधाचा वाटा सममित भागात जाईल की प्रतिसममित भागात हे ठरते, आणि ते अंतर प्रत्येक नमुन्यात, प्रत्येक वारंवारतेला वेगळे असू शकते.

उष्णतेचे प्रकरण याहून कठीण आहे. अनुस्पंदनाच्या ठिकाणी पर्मअलॉय सर्वाधिक ऊर्जा शोषतो, म्हणून तापतो, आणि ती उष्णता प्रामुख्याने खालच्या सब्स्ट्रेटकडे, म्हणजे थर ज्यावर वाढवले त्या आधाराकडे, जाते. थराला लंब असा तापमानाचा उतार तयार झाला की पर्मअलॉयमध्ये असामान्य नर्न्स्ट परिणामाचे, म्हणजे तापमानाचा उतार आणि चुंबकन या दोहोंना लंब असे, व्होल्टेज उभे राहते. ते सममित असते, क्षेत्राची दिशा उलटली की त्याचे चिन्ह बदलते आणि मायक्रोवेव्ह शक्तीच्या सम प्रमाणात वाढते. ज्या तीन कसोट्या स्पिन हॉलच्या पुराव्यादाखल हटकून दिल्या जातात, त्या तिन्ही कसोट्यांवर हे व्होल्टेज उत्तीर्ण होते. ‘शक्तीच्या सम प्रमाणात वाढते, म्हणून स्पिन पंपिंग’ हे वाक्य मला आता वाचवत नाही.

मंदाकिनी

मी या क्षेत्रात नवीन आहे, पीएच.डी.चे दुसरे वर्ष सुरू आहे. सह्यकडा यांचा प्रतिसाद वाचून एक शंका विचारते. आम्ही नमुना पालथा करून वेव्हगाइडवर ठेवतो, म्हणजे थराची बाजू खाली असते आणि मध्ये पातळ इन्सुलेटिंग टेप असते. नमुना सुलटा करून, म्हणजे सब्स्ट्रेट खाली ठेवून, पुन्हा मोजले तर शिखर लहान होते, पण त्याचे चिन्ह बदलते. स्पिन-प्रवाहाची दिशा उलटल्यामुळे चिन्ह बदलले, असे यावरून म्हणता येईल का? आमच्या गटातील वरिष्ठांच्या मते एवढे पुरेसे आहे.

अनुस्पंद

मंदाकिनी, नमुना पट्टीच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरवला असेल, तर डावा-उजवा संपर्क जागच्या जागी राहतो, बाह्य क्षेत्रामुळे चुंबकनाची दिशाही तीच राहते आणि स्पिन-प्रवाह तेवढा उलटतो. म्हणून चिन्ह बदलणे अपेक्षितच आहे. पण सह्यकडा यांनी सांगितलेला तापमानाचा उतारही नमुन्याबरोबरच पालथा झालेला असतो, कारण सब्स्ट्रेट आता दुसऱ्या बाजूला आहे. त्यामुळे नर्न्स्ट व्होल्टेजही चिन्ह बदलते, आणि ही कसोटी त्या दोघांमध्ये फरक करू शकत नाही.

फरक करायचा असेल तर थरांचा क्रम उलटा करून नवा नमुना बनवावा लागतो. एका नमुन्यात सब्स्ट्रेटवर आधी प्लॅटिनम आणि मग पर्मअलॉय, तर दुसऱ्यात आधी पर्मअलॉय आणि मग प्लॅटिनम. दोन्ही थर निर्वात न तोडता एकाच बैठकीत स्पटर केलेले असावेत. उष्णता दोन्ही वेळी सब्स्ट्रेटकडेच जाते, त्यामुळे नर्न्स्टचे चिन्ह बदलत नाही, पण प्लॅटिनमकडे जाणारा स्पिन-प्रवाह एकदा वर आणि एकदा खाली जातो. दोन्ही निकालांच्या वजाबाकीचे अर्धे केले की स्पिन हॉलचा वाटा राहतो आणि बेरजेचे अर्धे केले की बाकीचा. मात्र दोन्ही नमुन्यांचे रोध आणि शिखराच्या रुंद्या जुळतात का हे आधी पाहावे. प्लॅटिनमवर वाढलेला पर्मअलॉय आणि ऑक्साइडवर वाढलेला पर्मअलॉय यांचे स्फटिककण सारखे नसतात.

प्लॅटिनमच्या जागी टँटलम वापरून चिन्ह उलटते का, हेही पाहता येईल. टँटलमचा स्पिन हॉल कोन ऋण आहे.

तारयंत्र

मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस असल्याने भौतिकीच्या वादात पडत नाही, पण मापनाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण वर सर्वांनी नॅनोव्होल्टमीटर गृहीत धरला आहे.

मायक्रोवेव्हची शक्ती काही किलोहर्ट्झ वेगाने चालू-बंद करून लॉक-इन ॲम्प्लिफायरने, म्हणजे नेमका त्याच वेगाने बदलणारा सिग्नल वेचणाऱ्या उपकरणाने, मोजणे बहुतेक वेळा सोयीचे पडते, कारण संपर्कांच्या तापमानफरकातून येणारे आणि दिवसभर सरकत राहणारे व्होल्टेज त्यातून बाजूला पडते. पण चालू-बंद करण्याबरोबर नमुन्याचे तापमानही वर-खाली होते, आणि त्यामुळे येणारे सीबेक व्होल्टेज, म्हणजे तापमानफरकातून उभे राहणारे व्होल्टेज, लॉक-इन आनंदाने मोजतो. ते क्षेत्राची दिशा उलटल्याने बदलत नाही. त्यामुळे धन आणि ऋण क्षेत्रांच्या आलेखांची वजाबाकी केली की ते निघून जाते. शक्तीऐवजी चुंबकीय क्षेत्राला थोडे हेलकावे देऊन मोजले, तर शिखराऐवजी त्याचा विकलज मिळतो. अनुस्पंदनाचे स्थान आणि रुंदी ठरवायला तो उत्तम, पण व्होल्टेजची उंची काढायची असेल तर मग त्याचे पुन्हा संकलन करावे लागते आणि हेलकाव्याची उंची अचूक माहीत असावी लागते. विद्यार्थी येथेच गडबडतात.

दुसरी गोष्ट मायक्रोवेव्ह क्षेत्राची. एक मिलिमीटर रुंदीच्या रेषेत ५० ओहमवर १०० मिलिवॅट शक्ती सोडली, तर प्रवाहाचे शिखरमूल्य सुमारे ६३ मिलिॲम्पिअर येते, आणि रेषेच्या लगत क्षेत्र सुमारे ०.४ गाउस भरते. हा कागदावरचा हिशेब झाला. केबल आणि कनेक्टर यांतील नुकसान, नमुना ठेवल्यावर बदललेला प्रतिबाध, टेपची जाडी हे सर्व त्यातून वजा व्हायचे आहे, आणि अनुस्पंद यांच्या सूत्रात क्षेत्राचा वर्ग असल्यामुळे क्षेत्रात दहा टक्के चूक म्हणजे प्रवाहात एकवीस टक्के चूक. त्याहून गंभीर बाब म्हणजे काही निबंधांत क्षेत्राचे शिखरमूल्य दिलेले असते, काहींत वर्गमध्यमूळ आणि काहींत फक्त फिरत्या घटकाची तीव्रता. कोणते दिले आहे हे लिहिलेले नसेल, तर तुमच्या त्या सुबक आकड्यात दुपटी-चौपटीचा फरक विनासायास पडेल. प्रवाह द्यावा हे म्हणणे मला मान्य आहे, पण क्षेत्राची व्याख्या त्याच ओळीत आली पाहिजे.

जाता जाता, सह्यकडा ज्याला उपद्रव म्हणतात ते चुंबकरोध आणि मायक्रोवेव्ह प्रवाह यांचे मिश्रण दुसऱ्या ठिकाणी मुख्य सिग्नल असते. चुंबकीय टनेल जंक्शनमध्ये, म्हणजे दोन चुंबकीय थर आणि मध्ये पातळ विद्युतरोधक अशा रचनेत, मायक्रोवेव्ह प्रवाहाचे एकदिश व्होल्टेजमध्ये रूपांतर होते, हे अश्विन तुळापूरकर यांनी जपानमध्ये सहकाऱ्यांसमवेत २००५ मध्ये दाखवले. आज ते आयआयटी मुंबईत आहेत. कॉर्नेलच्या लिऊ, राल्फ, बुर्मन प्रभृतींनी २०११ मध्ये पर्मअलॉय-प्लॅटिनमच्या जोडथरात अशाच मिश्रणाचा उपयोग करून उलट्या दिशेचे, म्हणजे विद्युतप्रवाहाकडून स्पिन-प्रवाहाकडे होणारे रूपांतर मोजले आणि प्लॅटिनमसाठी ०.०५६ हे गुणोत्तर दिले.

नीरक्षीर

अनुस्पंद यांच्या मूळ लेखातील कोन आणि लांबी यांच्या गुणाकाराचा मुद्दा पटला, पण त्यावरून ‘वेगवेगळ्या जाड्यांचे नमुने करा आणि दोन्ही आकडे सोडवून घ्या’ असा सल्ला कोणी देण्याआधीच अडवतो, कारण तो सल्ला दिसतो तितका सरळ नाही.

प्लॅटिनमचा थर पातळ होत गेला की पृष्ठभागावरच्या विखुरण्यामुळे त्याची रोधकता वाढत जाते. प्लॅटिनममध्ये विसरण लांबी रोधकतेच्या व्यस्त प्रमाणात असते, हे २०१६ मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवले, आणि दोहोंचा गुणाकार साधारण ०.६ ते ०.८ फेम्टोओहम-वर्गमीटर येतो. खालचा आकडा धरला तर २० मायक्रोओहम-सेंटिमीटर रोधकतेच्या प्लॅटिनममध्ये लांबी ३ नॅनोमीटर भरते, आणि ६० मायक्रोओहम-सेंटिमीटर असेल तर फक्त १ नॅनोमीटर. म्हणजे २ नॅनोमीटर आणि १५ नॅनोमीटर जाडीचे नमुने घेऊन एकच लांबी बसवणारा वक्र काढला, तर आपण दोन वेगळ्या पदार्थांना एकाच सूत्रात कोंबतो आहोत. स्फटिकाच्या अंगभूत कारणाने येणारा कोन रोधकतेच्या सम प्रमाणात वाढतो, हेही विसरून चालणार नाही. दोन प्रयोगशाळांचे प्लॅटिनम वेगळे असेल तर त्यांचे कोन वेगळे येणे हा मतभेद नाहीच. स्वच्छ प्लॅटिनमचा कोन लहान आणि मळक्या प्लॅटिनमचा मोठा, हे भौतिकीला धरूनच आहे.

म्हणून मी तरी रोधकता न देणारा कोणताही कोन गंभीरपणे घेत नाही.

ताम्रपट

येथे सर्व चर्चा मायक्रोवेव्हभोवती फिरते आहे. वर २००६ चा जो दुसरा प्रयोग सांगितला, त्या वाटेनेही बरेच काम झाले आहे आणि तेथील अडचणी वेगळ्या आहेत.

बाजूला ठेवलेल्या चुंबकीय तारेतून तांब्याच्या तारेत स्पिन सोडायचा, काही शे नॅनोमीटरवर त्या तांब्याखालून जाणारी प्लॅटिनमची तार तो शोषून घेते, आणि तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज दिसते. स्पिनच्या वाटेवर विद्युतप्रवाह वाहतच नसल्यामुळे चुंबकरोधाचा आणि मायक्रोवेव्ह क्षेत्राचा प्रश्न मिटतो. मात्र प्लॅटिनममध्ये निर्माण झालेला प्रवाह व्होल्टमीटरच्या टोकांपर्यंत पोहोचण्याआधी वरच्या तांब्यातून परत फिरतो. तांबे प्लॅटिनमपेक्षा कितीतरी चांगले वाहक असल्याने या गळतीसाठी दुरुस्तीचा गुणांक लावावा लागतो, आणि तो त्रिमितीय गणनेतून काढावा लागतो. व्होल्टेज नॅनोव्होल्टच्या आसपास, दुरुस्ती दुपटीहून मोठी. वर ज्या गणिती साखळीबद्दल तक्रार झाली तिची ही धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

अलीकडे चुंबकीय तार थेट प्लॅटिनमवर टेकवून स्पिन सोडण्याची सोपी रचना पुढे आली आहे. इंटेलच्या मनिपत्रुनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या चुंबकविद्युत स्पिन-ऑर्बिट तर्कमंडलाच्या कल्पनेमुळे तिला वेग आला, कारण त्या मंडलात चुंबकाची स्थिती वाचण्याचे काम नेमके या रूपांतराकडे दिलेले आहे, आणि उपकरण जितके अरुंद तितका सिग्नल मोठा मिळतो. अडचण ही की येथे चुंबकातून खरोखरच विद्युतप्रवाह वाहतो. चुंबकाचा असामान्य हॉल परिणाम, प्लॅनर हॉल परिणाम आणि टोकाशी निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्लॅटिनममध्ये येणारा साधा हॉल परिणाम ही तिन्ही मंडळी त्याच दोन टोकांमध्ये हजर होतात, आणि चुंबक उलटला की असामान्य हॉल स्पिन हॉलसारखाच उलटू शकतो. भूमिती बदलून, संपर्कांच्या जागा बदलून त्यांना एकेक करून वेगळे काढावे लागते. तसे न करता जाहीर झालेल्या मोठ्या आकड्यांकडे मी जरा सावधपणेच पाहतो.

अनुस्पंद

नीरक्षीर, रोधकता त्याच ओळीत हवी, हे मान्य. तारयंत्र यांची क्षेत्राच्या व्याख्येची अटही मान्य. म्हणजे आता ती ओळ अशी होते : रुंदी आणि क्षेत्रवर्गाने भागलेला प्रवाह, क्षेत्राची व्याख्या, दोन्ही थरांची जाडी, प्लॅटिनमची रोधकता आणि नमुन्याचे अवमंदन. कोन ज्याला काढायचा त्याने यातून काढावा.

तुमच्या मुद्द्यातून एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची निघते. कोन रोधकतेच्या सम प्रमाणात आणि लांबी व्यस्त प्रमाणात बदलत असेल, तर त्यांचा गुणाकार रोधकतेवर अवलंबून राहत नाही. पुरेशा जाड थरात मोजलेला प्रवाह म्हणूनच वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तुलनेला अधिक योग्य ठरतो, निदान अंगभूत यंत्रणा प्रबळ असलेल्या प्लॅटिनमसारख्या धातूत तरी.

आणि काही पदार्थांत तर कोन ही राशी अर्थपूर्णच उरत नाही. चांदी आणि बिस्मथ यांच्या आंतरपृष्ठावर होणारे रूपांतर २०१३ मध्ये मोजले गेले. तेथे रूपांतर थराच्या जाडीत होत नसून दोन थरांच्या सीमेवर, द्विमितीय इलेक्ट्रॉन-अवस्थांमध्ये होते. शिरणारा स्पिन-प्रवाह दर चौरस मीटरला इतके ॲम्पिअर असा आणि निघणारा विद्युतप्रवाह दर मीटरला इतके ॲम्पिअर असा, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर लांबीच्या एककात येते. चांदी-बिस्मथसाठी ती लांबी ०.३ नॅनोमीटरच्या आसपास मिळाली, २०१६ मध्ये अल्फा-कथिलासाठी २.१ नॅनोमीटर, आणि त्याच वर्षी लँथॅनम ॲल्युमिनेट व स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या दोन ऑक्साइडांच्या सीमेसाठी ६.४ नॅनोमीटर. आता मजा पाहा. या लांबीशी प्लॅटिनमची तुलना करायची तर प्लॅटिनमच्या बाजूला कोन आणि विसरण लांबी यांचा गुणाकारच ठेवावा लागतो, म्हणजे तेच ०.२ नॅनोमीटरच्या आसपासचे मूल्य. ऑक्साइड सीमांबद्दलचा उत्साह कशामुळे आहे हे या एका तुलनेतून दिसते. तरीही ऑक्साइडच्या त्या आकड्यांपैकी बरेच खूप कमी तापमानाला मोजलेले आहेत, हे सांगितल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

सह्यकडा

ऑक्साइडच्या सीमेवर सिग्नल मोठा येतो याला एक कारण रूपांतर आहे आणि दुसरे कारण रोध आहे, हेही लिहा. सीमेवरच्या इलेक्ट्रॉनांच्या द्विमितीय वायूचा पृष्ठरोध धातूच्या थरापेक्षा पुष्कळ जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला व्होल्टेज मोठे दिसते, पण वर पर्मअलॉयचा थर असतोच आणि बराचसा प्रवाह त्यातून जातो. एकूण रोध मोजून भागले तर ठीक. केवळ खालच्या वायूचा रोध धरून भागले तर प्रवाह चुकीचा. हे मी काल्पनिक सांगत नाही. एका परिसंवादात असाच आलेख पडद्यावर होता आणि रोध कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजला, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

आणखी एक. पर्मअलॉयलाही स्वतःचा व्युत्क्रम स्पिन हॉल परिणाम आहे. वर प्लॅटिनम नसताना एकट्या पर्मअलॉयमधून सिग्नल येतो, तो सगळा चुंबकरोधाचा किंवा उष्णतेचा नसतो. तेव्हा ‘एकट्या पर्मअलॉयचा सिग्नल वजा केला’ हे वाक्यही तपासून घ्यावे. एकट्या थराचा रोध वेगळा, त्यामुळे वजाबाकी करायची तर प्रवाहांची करावी, व्होल्टेजची नव्हे.

नीरक्षीर

चिन्हाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात. स्पिनची दिशा आणि चुंबकी आघूर्णाची दिशा परस्परविरुद्ध, इलेक्ट्रॉनचा भार ऋण, व्होल्टमीटरचे धन टोक कोणते आणि चुंबकाचा उत्तर ध्रुव कोणत्या बाजूला, यांपैकी एकही गोष्ट लिहायची राहिली तर कोनाचे चिन्ह निरर्थक होते. २०१५ मध्ये काही प्रयोगशाळांनी एकत्र येऊन यिट्रियम लोह गार्नेट आणि प्लॅटिनम यांच्या जोडथरावर, मायक्रोवेव्ह आणि तापमानाचा उतार अशा दोन्ही पद्धतींनी, केवळ चिन्हच जुळते का हे तपासले, आणि ते जुळले. गार्नेट विद्युतरोधक असल्याने त्यात चुंबकरोधाचे व्होल्टेज किंवा असामान्य नर्न्स्ट परिणाम यांचा प्रश्नच येत नाही. सह्यकडा यांच्या बहुतेक आक्षेपांना तो पदार्थ परस्पर उत्तर देतो.

सह्यकडा

नर्न्स्टला देतो. स्पिन सीबेक परिणामाला, म्हणजे तापमानाच्या उतारातून निघणाऱ्या स्पिन-प्रवाहाला, देत नाही, तो गार्नेटमध्येच सर्वांत ठसठशीत दिसतो आणि त्याचे व्होल्टेजही प्लॅटिनमच्या त्याच टोकांवर येते.

मंदाकिनी

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत उलट्या क्रमाचा नमुना करणार आहे आणि सोबत टँटलमचाही. शेवटची शंका : टँटलम वरच्या बाजूला असेल तर हवेत त्याचे ऑक्साइड होते. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन त्याचे ऑक्साइड होऊ द्यावे का? आणि रोध मोजताना त्याचा अडथळा येईल का?

अनुस्पंद

दोन नॅनोमीटरच्या आसपास ॲल्युमिनियम दिला तर तो हवेत बहुतांश ऑक्साइड होतो आणि विद्युतप्रवाह फारसा नेत नाही, म्हणून तो चालेल. जाड दिला तर खालचा भाग धातूच राहील आणि प्रवाहाला समांतर वाट मिळेल. प्लॅटिनमच्या नमुन्यांवरही तोच थर द्या, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. संपर्क करताना मात्र चांदीची पेस्ट ऑक्साइडवर नुसती टेकवू नका. टोकांशी थर खरवडून किंवा वायर बाँडिंगने आत उतरून संपर्क घ्या, आणि रोध चार टोकांनी मोजा. टँटलमची बीटा अवस्था (अधिक रोधकतेची स्फटिकरचना) मिळाली आहे की नाही हे रोधकतेवरूनच कळेल. ती दीडशे-दोनशे मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या घरात असेल तर बीटा, आणि त्याहून खूप कमी असेल तर अल्फा अवस्था मिसळली आहे असे समजून नमुना पुन्हा करावा. बीटा टँटलमची रोधकता एवढी मोठी असल्याने पट्टीतला बहुतेक प्रवाह पर्मअलॉयमधून जाईल. त्यामुळे टँटलमचे शिखर प्लॅटिनमच्या शिखरापेक्षा उंच दिसले, तरी आधी रोधाने भागा आणि मगच तुलना करा.